लग्नाची डिस्क कॉपी केली, चित्र बिघडलं: दोष नेमका कुठे शोधायचा

आधी मूळ डिस्क आणि तुम्ही केलेली कॉपी, दोन्ही एकाच टीव्हीवर एकापाठोपाठ लावून बघा. त्यातली दोन ठिकाणं निवडा. एक हालचालीचं, म्हणजे वरातीत नाचणारी पोरं. दुसरं स्थिर, म्हणजे मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे असलेले नवरा-नवरी. मूळ डिस्क आणि कॉपी दोन्हींत चित्र सारखंच वाईट असेल तर कॉपीत काही बिघाड नाही. डिस्कवरच तेवढं चित्र आहे, किंवा टीव्ही ते ताणून दाखवतोय. मूळ डिस्क बरी दिसते आणि कॉपीच वाईट, असं असेल तर दोष कॉपी करण्याच्या वाटेवर कुठेतरी आहे आणि तो सापडतो.

बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. चित्र खराब दिसलं की लगेच दुसरं कन्व्हर्टर, म्हणजे व्हिडिओ फाइलचा प्रकार बदलणारा प्रोग्राम, डाउनलोड करतात, त्यातून पुन्हा एमपी४ फाइल काढतात, तीही पसंत पडली नाही की तिच्यावरूनच तिसरी. दर फेरीत चित्रातलं काहीतरी कायमचं जातं. ज्वारीचं पीठ केल्यावर दाणे परत मिळत नाहीत, तसंच व्हिडिओ दाबण्याचं, म्हणजे कॉम्प्रेस करून फाइल छोटी करण्याचं आहे. म्हणून डिस्कवर जे लिहिलेलं आहे ते पहिल्यांदा जसंच्या तसं, काहीही न बदलता संगणकात उतरवून घ्या. सुधारणं, छोटं करणं, पेनड्राइव्हवर टाकणं, ही कामं त्यानंतर आणि त्या उतरवलेल्या प्रतीवरूनच.

हा लेख घरच्या डिस्कांसाठी आहे: लग्न, बारसं, वास्तुपूजन, गावातला भागवत सप्ताह, शाळेचं गॅदरिंग, मंडळाने स्वतःच शूट केलेलं झाडीपट्टीचं नाटक. अशा डिस्कांवर कॉपी रोखणारं कुलूप नसतं. विकतच्या सिनेमांच्या डीव्हीडीवर ते असतं, आणि ते तोडण्याबद्दल १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ घातलेलं आहे. त्या वाटेला इथे जायचं नाही.

डिस्कवर मुळात किती चित्र आहे

गावात सगळ्यालाच सीडी म्हणतात, पण हातातली डिस्क व्हीसीडी आहे की डीव्हीडी हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संगणकात टाकून उघडा. एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर आणि त्यात डीएटी फाइल दिसली तर ती व्हीसीडी. व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर आणि त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा फायली दिसल्या तर डीव्हीडी. एकाच लग्नाच्या ‘भाग १, भाग २, भाग ३’ अशा तीन डिस्का मिळालेल्या असतील तर त्या बहुधा व्हीसीडी असतात, कारण एका व्हीसीडीत ७४ ते ८० मिनिटांपलीकडे काही मावत नाही.

आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं, म्हणजे एक लाखाच्या थोडं वर. डीव्हीडीचं ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाखांच्या थोडं वर. आज घरात लागलेल्या फुल एचडी टीव्हीच्या पडद्यावर १९२० बाय १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके आहेत. व्हीसीडीच्या एका ठिपक्यातून टीव्हीला वीस ठिपके भरावे लागतात. २१ इंची जुन्या डब्बा टीव्हीवर जे नितळ दिसायचं तेच ४३ इंचांवर धुरकट दिसतं, यात डिस्कचा किंवा तुमच्या कॉपीचा काही दोष नाही.

डीव्हीडीतही सगळ्या सारख्या नसतात. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात (संगणक तोच आकडा ४.३७ दाखवतो, घाबरू नका). त्यात दोन तासांचं शूटिंग भरलं तर सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट माहिती वाट्याला येते (यालाच बिटरेट म्हणतात). तीन तास भरले तर साडेतीन, चार तास भरले तर जेमतेम अडीच. डीव्हीडीच्या व्हिडिओला ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा असते हे लक्षात घेतलं तर कळेल की ‘भाऊ, एकाच सीडीत सगळं बसवून द्या’ या घरच्यांच्या आग्रहाची किंमत चित्राने मोजलेली आहे. हळदीपासून वाटी लावण्यापर्यंत (नवरीच्या पाठवणीपर्यंत) सगळं एका डिस्कवर असेल तर वरातीत, आतषबाजीत, पंगतीच्या गर्दीत चौकोनी ठोकळे दिसणारच. ते मूळ डिस्कवरच आहेत.

म्हणून टीव्हीची सेटिंग आधी तपासा. शार्पनेस अगदी कमी करा, कारण जास्त शार्पनेसने ठोकळ्यांच्या कडाच उठून दिसतात. चित्राचा आकार ‘वाइड’ किंवा ‘झूम’वर असेल तर ४:३ किंवा ‘ओरिजिनल’वर आणा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या. आजीचा चेहरा ताणून रुंद बघण्यापेक्षा त्या पट्ट्या बऱ्या. डीव्हीडी प्लेअर पिवळ्या पिनच्या वायरने जोडला असेल आणि त्याला एचडीएमआय असेल तर एचडीएमआयचीच वायर वापरा.

एक फोनही करून बघा. ज्या स्टुडिओवाल्या भाऊंनी शूटिंग केलं होतं त्यांना विचारा की मूळ टेप किंवा हार्ड डिस्क अजून आहे का. मिनीडीव्हीच्या टेपवर सेकंदाला २५ मेगाबिटने चित्र लिहिलेलं असतं आणि एका तासाच्या टेपचे साधारण १३ जीबी होतात. ते हाती लागलं तर डिस्कशी झटायची गरजच उरत नाही. तालुक्याच्या गावातले बरेच जुने स्टुडिओ बंद झाले, पण टेपांची खोकी माळ्यावर पडून असतात. विचारायला काही जात नाही.

डिस्क आणि ड्राइव्ह साफ करणं

चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनाच्या छपराखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट त्याहून तापतं. घरी राइट केलेल्या डिस्कवर चित्र रंगद्रव्याच्या थरात लिहिलेलं असतं. उष्णता आणि ऊन त्या थराला खातात. शिवाय वरून चिकटवलेला नवरा-नवरीच्या फोटोचा कागद वर्षानुवर्षं ओढून डिस्क किंचित वाकवतो. तो कागद उपटायचा प्रयत्न मात्र करू नका. सीडीत लिहिलेला थर नेमका त्या छापील बाजूच्या पातळ लाखेखाली असतो, कागदाबरोबर तोही निघून येतो. डीव्हीडीत थर मध्यभागी, दोन चकत्यांच्या आत असतो, त्यामुळे तिथे वरचा ओरखडा तेवढा घातक नाही. पण कागद ओढताना चकत्या सुटू शकतात.

चमकणाऱ्या बाजूला बोटांचे डाग, धूळ, चुलीच्या धुराचा तेलकट थर असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकून डिस्क अलगद धुवा. शेवटची धार आरओच्या कॅनमधल्या पाण्याची घ्या, कारण आपल्याकडचं बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरे डाग सोडतं. जुन्या सुती धोतराचा मऊ तुकडा घेऊन मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. डिस्कवरची ओळ गोल फिरते. आडवा ओरखडा एका ओळीचा थोडासाच भाग घालवतो आणि ड्राइव्ह तो हिशेबाने भरून काढतो, पण ओळीच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग माहिती पुसून टाकतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर जवळसुद्धा आणू नका, प्लास्टिक धुरकट होतं. टूथपेस्टने घासायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. टूथपेस्ट खरवडते. दुसरी प्रत हाताशी नसताना हा प्रयोग करू नये.

ड्राइव्हकडेही बघा. घरात कापूस साठवलेला असेल, बाजूला तुरीची मळणी चालली असेल तर बारीक धूळ लेन्सवर बसते. डीव्हीडीच्या दोन ओळींमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन असतं, सीडीच्या निम्म्याहून कमी. म्हणून सीडी चालते आणि डीव्हीडी अडखळते असं होत असेल तर आधी लेन्सवर संशय घ्या. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतोच, बाहेरून यूएसबीने जोडावा लागतो, आणि त्याला एकाच पोर्टमधून पुरेशी वीज मिळाली नाही तर तो फिरता फिरता मंदावतो आणि वाचताना चुकतो. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टपेक्षा मागच्या पोर्टला लावा, आणि दोन टोकांची वायर सोबत आली असेल तर दोन्ही टोकं लावा.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा हे काम डेस्कटॉपवर करू नका. बॅटरी चांगली असलेला लॅपटॉप घ्या.

जसंच्या तसं उतरवणं

काही लोक टीव्हीवर डिस्क लावतात आणि समोर मोबाइल धरून रेकॉर्ड करतात. तातडीने कोणाला दोन मिनिटं दाखवायची असतील तर चालेल, पण ती कॉपी नव्हे. प्लेअरची पिवळी वायर यूएसबी कॅप्चर कार्डला लावून रेकॉर्ड करणं त्याहून बरं, तरी तिथेही डिस्कवरच्या आकड्यांचं आधी साधं सिग्नल होतं आणि मग पुन्हा आकडे. डिस्क कोणत्याच ड्राइव्हमध्ये वाचली जात नाही पण जुन्या प्लेअरमध्ये कशीबशी चालते, अशी वेळ आली तरच तो मार्ग धरा.

डीव्हीडीसाठी विंडोजवर इमगबर्न नावाचा मोफत प्रोग्राम घ्या आणि डिस्कवरून इमेज फाइल, म्हणजे सगळ्या डिस्कची हुबेहूब नक्कल असलेली फाइल, बनवण्याचा पर्याय निवडा. वाचण्याचा वेग ‘मॅक्स’वर सोडू नका, ४एक्स करा. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८ एमबी, त्या हिशेबाने भरलेली डिस्क ४एक्सने पंधरा मिनिटांच्या आसपास उतरते. ओरखडे असतील तर जास्त वेळ लागेल, लागू द्या. शेवटी एक आयएसओ फाइल मिळते. ही तुमची नवी ‘मूळ प्रत’. हिच्यावर पुढे कधीही काही बदल करायचा नाही.

व्हीसीडीचं थोडं वेगळं आहे. तिची आयएसओ नीट बनत नाही, बिन आणि क्यू अशा दोन फायलींची जोडी बनते आणि इमगबर्न ती आपोआप करतो. दोन्ही एकत्र ठेवा. व्हीसीडीवर एक अडचण जन्मापासूनच आहे: चित्राला जास्त जागा मिळावी म्हणून चुका दुरुस्त करणारा एक थर त्यात गाळलेला असतो. फायलींच्या सीडीच्या प्रत्येक खंडात २०४८ बाइट माहिती असते, व्हीसीडीच्या चित्राच्या खंडात २३२४. त्यामुळे सारख्याच ओरखड्याने फायलींच्या सीडीपेक्षा व्हीसीडीचं चित्र लवकर तुटतं. इथे सावकाश वाचणं आणि दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये टाकून बघणं याचा खरोखर फरक पडतो. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं.

वाचताना ‘रीड एरर’ आली तर लगेच थांबवू नका. तेवढा प्रयत्न पूर्ण होऊ द्या आणि कोणत्या भागात अडलं ते टिपून ठेवा. विंडोजऐवजी लिनक्स वापरता येत असेल किंवा पेनड्राइव्हवरून उबुंटू हे लिनक्स चालू करून देणारा एखादा भाचा-पुतण्या घरात असेल, तर डीव्हीडीसाठी डीडीरेस्क्यू हे साधन सर्वांत चांगलं. ते आधी सहज वाचता येणारं सगळं उचलतं, अडलेल्या जागांची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं आणि मग फक्त त्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं.

यातून घरच्या डिस्कांसाठी एक फार मोलाची सोय निघते. लग्नाची डिस्क एकट्या तुमच्याकडे नसते. नवरीकडच्यांना एक, नवरदेवाकडच्यांना एक, कधी मामाकडे एक. सगळ्यांवर ओरखडे असतील, पण एकाच जागी नसतील. दोन्ही डिस्का स्टुडिओने एकाच मूळ फाइलवरून काढलेल्या असतील आणि त्यांचा आकार तंतोतंत सारखा दिसत असेल, तर पहिल्या डिस्कची मॅप फाइल तशीच ठेवून डीडीरेस्क्यूला दुसरी डिस्क द्या. राहिलेली भोकं ते तिच्यातून भरून काढतं. आकार वेगळा निघाला तर हे करू नका, फक्त तुटलेला प्रसंग दुसऱ्या डिस्कवरून वेगळा कापून घ्या. व्याह्यांकडे डिस्क मागायला संकोच करू नका, तुम्ही त्यांचंच लग्न वाचवताय. भरून काढलेली प्रत त्यांनाही द्या.

डिस्क ड्राइव्हमध्ये कोरीच दिसते पण कॅमेऱ्यात चालते, असं झालं तर ती ‘फायनलाइज’ केलेली नसेल. डिस्कवर थेट शूट करणाऱ्या हँडीकॅममधल्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीचं असं बरेचदा होतं. शक्य तर त्याच कॅमेऱ्यात घालून फायनलाइज करा. आणि ही छोटी डिस्क फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये चुकूनही घालू नका, अडकते.

ठोकळे: दोन प्रकारचे

चित्रात चौकोनी ठोकळे दिसले की ते कधी येतात हे बघा. हालचाल वाढली की येतात आणि माणसं स्थिर झाली की जातात, दर वेळी असंच, तर तो कमी बिटरेटचा परिणाम. अंधारातही तसंच होतं. झाडीपट्टीत नाटक रात्रभर चालतं, फोकसचा उजेड मंचापुरता असतो आणि मागचा काळोख डिस्कवर काळ्या-करड्या चौकटींचा होतो. मूळ डिस्कवर हे असेल तर उपाय नाही. फक्त कॉपीत असेल तर तुम्ही कन्व्हर्ट करताना दाबलंय. आयएसओवरून नव्याने, कमी दाबून काढा.

दुसरा प्रकार अचानक येतो. चित्र चांगलं चालू असतं, एका ठिकाणी हिरवे-गुलाबी ठोकळे फुटतात, चित्र थिजतं, आवाज खरखरतो, आणि पुन्हा सगळं ठीक. दर वेळी नेमक्या त्याच मिनिटाला. ही वाचण्यातली चूक आहे. बिटरेट वाढवून, दुसरं कन्व्हर्टर वापरून ती कधीच जाणार नाही. डिस्क धुणं, दुसरा ड्राइव्ह, दुसरी डिस्क, एवढेच उपाय.

या दोन प्रकारांत गल्लत झाल्यामुळे सर्वांत जास्त वेळ वाया जातो.

दातेरी रेषा

नाचणाऱ्याचा हात हलला की हाताच्या कडेला आडव्या बारीक दातेरी रेषा दिसतात, थांबला की नाहीशा होतात. ही तक्रार डीव्हीडीच्या कॉपीत सगळ्यात जास्त, आणि समजून घेतली तर सगळ्यात सोपी.

जुन्या टीव्हीसाठी कॅमेरे पूर्ण चित्र एकदम टिपत नसत. सेकंदाला ५० वेळा अर्धं चित्र टिपलं जायचं: एकदा सम ओळी, एकदा विषम. दोन अर्धी मिळून एक चित्र, म्हणजे सेकंदाला २५. दोन अर्ध्यांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं, आणि तेवढ्यात हात सरकलेला असतो. डब्बा टीव्ही ती अर्धी एकामागून एक दाखवायचा, म्हणून काही जाणवत नसे. लॅपटॉप दोन्ही अर्धी एकत्र दाखवतो आणि सरकलेल्या हाताचे दात दिसतात. याला इंटरलेस चित्र म्हणतात. व्हीसीडीत ओळीच २८८ असतात, त्यामुळे तिथे सहसा हा प्रश्न येत नाही.

तपासणी अशी: फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा आणि कीबोर्डवर डी दाबा. रेषा गेल्या तर फाइल शाबूत आहे, फक्त दाखवताना डीइंटरलेस करायला, म्हणजे दोन अर्धी वेगळी करायला हवं होतं. डी दाबूनही रेषा तशाच राहिल्या, तर कन्व्हर्टरने त्या चित्रात कायमच्या भाजून टाकल्या आहेत. विशेषतः कन्व्हर्ट करताना चित्राचा आकारही बदलला असेल तर त्या फाइलचं काही होऊ शकत नाही. आयएसओवर परत जा. ती जपायला सांगितलं ते यासाठीच.

मोबाइल आणि टीव्हीवर चालणारी एमपी४ काढायची असेल तर हँडब्रेक वापरा, तोही मोफत आहे. आयएसओ उघडा. टायटल अनेक दिसतील, सर्वांत लांब ते निवडा. फिल्टरमध्ये डीइंटरलेसला ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ किंवा ‘यादिफ’ घ्या आणि त्याचा प्रीसेट ‘बॉब’ ठेवा. बॉब प्रत्येक अर्ध्याचं एक पूर्ण चित्र बनवतो, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं मिळतात आणि वरातीतला नाच डब्बा टीव्हीवर दिसायचा तसा सलग दिसतो. मात्र फ्रेमरेटमध्ये ‘सेम अॅज सोर्स’ निवडा. तिथे ३० ची मर्यादा राहिली तर त्यातली चित्रं गाळली जातात आणि नाच अडखळत चालतो.

गुणवत्तेचा आकडा, आरएफ, १८ ते २० ठेवा. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डीव्हीडीसारख्या चित्रासाठी १८ ते २२ ची शिफारस असते. लग्नाच्या डिस्का आधीच दाबलेल्या असल्याने मी खालच्या टोकाला राहतो. ठिपके वाढवू नका. ७२० बाय ५७६ चं १९२० बाय १०८० केल्याने फाइल फुगते, चित्रात भर पडत नाही.

बॉब वापरल्यावर हालचाल पुढे-मागे, पुढे-मागे थरथरली, तर दोन अर्ध्यांचा क्रम उलटा धरला गेलाय. मिनीडीव्ही कॅमेऱ्यात खालची अर्धी आधी असते, बऱ्याच डीव्हीडींत वरची. डिस्क बनवताना ही नोंद चुकीची पडलेली असू शकते. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेसच्या ‘कस्टम’ सेटिंगमधून हा क्रम बदलता येतो.

बाकीच्या तक्रारी

माणसं लांबट किंवा बुटकी दिसतात: ७२० बाय ५७६ चे ठिपके चौरस नसतात. ४:३ च्या शूटिंगला ते चित्र ७६८ बाय ५७६ सारखं दिसायला हवं, १६:९ च्या शूटिंगला १०२४ बाय ५७६ सारखं. हँडब्रेकमध्ये अॅनामॉर्फिक ‘ऑटोमॅटिक’वर असू द्या. खात्री करायची तर चित्रातली गोल वस्तू शोधा, परात किंवा ढोल. ती गोल दिसली म्हणजे प्रमाण बरोबर.

रंग फिके, काळं करडं दिसतं: लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला लावल्यावरच असं होत असेल आणि पेनड्राइव्हवरून नीट दिसत असेल, तर फाइल चांगली आहे. लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’ रेंज बदलून बघा.

खालच्या कडेला नाचणारी बारीक पट्टी: मूळ शूटिंग व्हीएचएस कॅसेटवर होतं. जुना टीव्ही चित्राच्या कडा कापून दाखवायचा म्हणून ती दिसत नसे. एमपी४ काढताना तेवढी कड कापा, आयएसओमध्ये राहू द्या.

आवाज पुढे, ओठ मागे: व्हीओबीच्या तुकड्यांची एकेक करून एमपी४ केली आणि मग जोडली की असं होतं. डीव्हीडीत चित्रपट १ जीबीच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि तुकडा कुठेही, बोलण्याच्या मधेच तुटतो. मेकएमकेव्ही हा प्रोग्राम आयएसओमधून सगळे तुकडे जोडून एकच एमकेव्ही फाइल काढून देतो, तीही चित्र न दाबता. दोन मिनिटांपेक्षा छोटी क्लिप त्याच्या यादीत दिसली नाही तर सेटिंगमध्ये किमान लांबी कमी करा.

‘एआयने व्हिडिओ एचडी करून देतो’ असं सांगणारी ॲप आता पुष्कळ झाली आहेत. ती धूसर चेहऱ्यावर नवे डोळे, नवी कातडी रंगवतात. गेलेल्या आजोबांचं हलतं-बोलतं चित्र त्या एकाच डिस्कवर असेल तर त्यांचा चेहरा यंत्राने अंदाजाने रंगवलेला मला नको वाटतो. ज्यांना करायचं त्यांनी करावं, पण मूळ आयएसओ बाजूला ठेवून.

पुन्हा डिस्क करायची असेल

मावशीकडे अजून डीव्हीडी प्लेअरच आहे आणि तिला डिस्कच हवी, तर एमपी४ वरून डिस्क बनवू नका. त्यात चित्र आणखी एकदा दाबलं जातं. इमगबर्नमध्ये तीच आयएसओ ‘राइट इमेज’ने थेट लिहा. वेग ४एक्स किंवा ८एक्स ठेवा आणि ‘व्हेरिफाय’वर टिक असू द्या, म्हणजे लिहिलेलं तो परत वाचून पडताळतो. वर कागद चिकटवू नका, डिस्कसाठी मिळणाऱ्या मार्कर पेनने नाव लिहा. कोऱ्या डिस्का उन्हात टांगलेल्या हातगाडीवरून घेऊ नका.

मूळ डिस्क दोन थरांची, ८.५ जीबीची असेल तरच ती साध्या डिस्कवर बसवायला दाबावी लागते. अशा वेळी दाबण्यापेक्षा दोन डिस्कांत विभागणं चांगलं.

तालुक्याच्या दुकानात करून घेत असाल तर

पैसे ठरवण्याआधी विचारा: आयएसओ किंवा व्हीओबी फायली पण देणार का? फक्त एमपी४ मिळेल म्हणाले तर तुमची हार्ड डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह घेऊन जा आणि व्हिडिओ टीएस फोल्डर सरळ त्यात कॉपी करून मागा. मूळ डिस्का तिथे ठेवून येऊ नका. होईपर्यंत बसा, नाहीतर दुसऱ्या दिवशी घेऊन जा.

वाटप

पेनड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जात नाही. ‘फाइल फार मोठी आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि लोक फाइल छोटी करायला म्हणून पुन्हा दाबतात. त्याऐवजी पेनड्राइव्ह एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा (आतलं सगळं पुसलं जातं, आधी काढून घ्या). टीव्ही एक्सएफएटी ओळखत नसेल तर लग्नाचे प्रसंगानुसार भाग करा: हळद, सीमांतपूजन, लग्न, पंगत, वरात. पाहुण्यांनाही तसंच बघायला आवडतं.

व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओसारखं पाठवलं की ते चित्राचा चुरा करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल तशीच्या तशी पोहोचते. गावात रेंज कमी असेल तर पेनड्राइव्ह एसटीने जाणाऱ्या माणसाच्या हाती दिलेला बरा.

आयएसओच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरांत ठेवा, एक तुमच्याकडे आणि एक शहरात राहणाऱ्या भावा-बहिणीकडे. फाइलला नाव देताना गाव, साल आणि कोणाचं लग्न हे मराठीत लिहा, आणि त्याच फोल्डरमध्ये एका साध्या मजकूर फाइलमध्ये कोणत्या मिनिटाला कोण दिसतं ते नोंदवा. ही यादी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवूनच करा. पंगतीत वाढणारा तो माणूस कोण, हे त्यांनाच माहीत असतं.